टॅबच्या फॉर्ममधला चौदावा मुद्दा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी यंदा आठवीत गेली आणि टॅब देण्यापूर्वी तिच्या शाळेने पालकांनी भरून द्यायचा चार पानी फॉर्म घरी पाठवला. टॅब हरवल्यास किती रक्कम भरायची, स्क्रीन फुटल्यास दुरुस्ती कोणाकडून करून घ्यायची, चार्जर बदलून मिळणार नाही, असे तेरा मुद्दे झाल्यावर चौदाव्या मुद्द्यात एकच वाक्य होते : ‘विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी उपकरणावर आवश्यक ते फिल्टरिंग व मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बसवण्यात येईल आणि त्यास माझी संमती आहे.’ त्याखाली सहीची रेघ. बहुतेक पालकांनी ती सही शाळेच्या गेटवर उभ्याउभ्या केली असणार आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण मुलांच्या सुरक्षिततेला नाही म्हणणारा पालक कुठून आणायचा? माझा पेन मात्र तिथे अडला. गेली सोळा वर्षे मी दुसऱ्या एका शाळेत संगणक विभाग सांभाळतो. असे सॉफ्टवेअर बसवणारा आणि त्याचे रिपोर्ट रोज सकाळी उघडणारा माणूस मीच आहे.

त्या वाक्यातल्या ‘व’ या अक्षराबद्दल मला लिहायचे आहे. फिल्टरिंग आणि मॉनिटरिंग ही दोन वेगळी कामे आहेत आणि एका सहीत दोन्ही उरकण्याची पद्धत आता सर्रास रूढ होऊ लागली आहे. फिल्टर म्हणजे मज्जाव : जुगार, अश्लील चित्रफिती, फसवणुकीची संकेतस्थळे अशा वर्गवारीतले पान मागितले की ते उघडत नाही, आणि हे काम करण्यासाठी ते पान कोणी मागितले हे लक्षात ठेवण्याची यंत्राला काहीच गरज नसते. मॉनिटरिंगचे सगळे कामच मुळी लक्षात ठेवण्याचे आहे. कोणत्या मुलाने किती वाजता काय शोधले, कोणत्या पानावर किती वेळ घालवला, शाळेच्या ईमेलमध्ये आणि गृहपाठाच्या फाइलमध्ये कोणते शब्द लिहिले, याची नोंद मुलाच्या नावासह कंपनीच्या सर्व्हरवर होते आणि त्यातला एखादा शब्द ‘धोक्याच्या’ यादीत सापडला की अलर्ट येतो. गॅलरीला ग्रिल बसवणे निराळे आणि मुलाच्या उशाशी वही-पेन घेऊन माणूस बसवणे निराळे. ग्रिलला माझी हरकत नाही. उलट ज्या शाळा इंटरनेट देतात आणि फिल्टर लावत नाहीत त्यांना मी बेजबाबदार म्हणेन.

हे चालते कसे, तेही थोडक्यात सांगतो, कारण फॉर्ममध्ये ते कधीच लिहिलेले नसते. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार बंद पाकिटातून होतो. मधल्या कोणाला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर दिसत नाही. मजकूर वाचायचा असेल तर शाळेला मुलाच्या टॅबवर स्वतःचे एक प्रमाणपत्र, म्हणजे एक प्रकारचे डिजिटल ओळखपत्र, बसवावे लागते. त्यानंतर फायरवॉल, म्हणजे शाळेच्या इंटरनेटच्या दारावरची चौकी, प्रत्येक पाकीट फोडते, वाचते आणि आपले लेबल चिकटवून पुढे पाठवते, आणि टॅबला ते बिनधास्त खरे वाटते. दुसरा मार्ग एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा. तो अधिक सोपा आहे आणि म्हणून अधिक पसरलेला आहे. पण त्याची एक गंमत पालकांना ठाऊक नसते. हे एक्स्टेन्शन अनेकदा उपकरणाला चिकटलेले नसून शाळेने मुलाला दिलेल्या आयडीला चिकटलेले असते. मुलाने घरच्या संगणकावर क्रोम उघडून त्या आयडीचे प्रोफाइल तयार केले की एक्स्टेन्शन न विचारता तिथेही उतरते आणि त्या प्रोफाइलमध्ये जो कोणी काही शोधेल ते मुलाच्या नावावर नोंदले जाते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी रिपोर्ट उघडला, तर सातवीतल्या एका मुलाच्या नावावर रात्री ११ वाजून ४० मिनिटांपासूनचे शोध ओळीने होते : परस्पर संमतीने घटस्फोटाला किती महिने लागतात, मुलाचा ताबा कोणाला मिळतो, फॅमिली कोर्टाचा पत्ता. बारा वर्षांच्या मुलाचे हे प्रश्न नव्हेत, हे कळायला मला अर्धा सेकंद लागला आणि खिडकी बंद करायला आणखी अर्धा. पुढच्या ओपन हाउसला त्या मुलाची आई आली, संगणकात त्याला किती गुण मिळाले ते विचारू लागली, आणि मी प्रगतिपुस्तकावरची नजर वर न करता उत्तरे देत राहिलो. त्या घरातली जी गोष्ट त्या मुलालाही बहुधा ठाऊक नव्हती ती मला ठाऊक होती. ती मी मागितली नव्हती, त्यांनी दिली नव्हती, आणि तरीही ती कंपनीच्या सर्व्हरवर मुलाच्या नावाखाली पडून होती. किती दिवस राहणार होती, हे मी कंपनीला विचारले तेव्हा ‘करार चालू असेपर्यंत’ असे उत्तर मिळाले.

आता या यंत्रांच्या हुशारीबद्दल. आमच्याकडे आलेल्या सॉफ्टवेअरची शब्दसूची इंग्रजी होती. दहावीच्या परीक्षेआधी मुले रोमन लिपीत ‘अपेक्षित प्रश्नसंच’ असे टाइप करून शोधतात, आणि ‘अपेक्षित’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला की त्याच्या शेवटच्या चार अक्षरांतून इंग्रजीतला एक असभ्य शब्द तयार होतो. फेब्रुवारीच्या एका आठवड्यात आमची निम्मी दहावी असभ्य भाषेच्या रकान्यात जाऊन बसली. त्याच न्यायाने परीक्षित नावाचा मुलगा आणि शितोळे आडनावाची मुलगी नुसत्या आपल्या नावाने दोषी ठरत होती, आणि कळस म्हणजे खुद्द ‘सुरक्षित’ हा शब्दही यंत्राला असुरक्षित वाटत होता. अफझलखानाच्या वधावर प्रकल्प करणाऱ्या चौथीच्या मुलाने प्रतापगड, वाघनखे आणि ‘मारले कसे’ हे शब्द एकत्र शोधल्यावर हिंसा व शस्त्रे या सदराखाली तांबड्या रंगाचा अलर्ट आला. हसण्यासारखे आहे, आम्ही हसलोही. पण त्याच काळात मुले एकमेकांना मराठीतल्या ज्या शिव्या मनसोक्त देत होती त्यांतली एकही यंत्राला कळली नाही. आणि माझी खरी काळजी पुढची आहे. एखाद्या मुलीने देवनागरीत ‘मला जगायचा कंटाळा आलाय’ असे लिहिले असते तर त्या यादीला तेही कळले नसते. ज्या कामासाठी ही पाळत विकली जाते ते काम निदान आपल्या भाषेत तरी ती करत नव्हती.

मुलांना हे सगळे आपल्याआधी कळते. शाळेच्या आयडीवर गप्पा मारण्याची सोय बंद केली की चौघे मिळून एक गूगल डॉक उघडतात, त्यात गप्पा मारतात आणि तास संपायच्या आत मजकूर पुसून टाकतात. आणि ज्या प्रश्नांची त्यांना खरोखर लाज किंवा भीती वाटते, शरीराबद्दलचे, घरातल्या भांडणांचे, ते प्रश्न आईच्या मोबाइलवर जातात, जिथे फिल्टरही नाही आणि मॉनिटरही नाही. आठवीतल्या एका मुलीने मला सरळ विचारले होते, “सर, पाळीबद्दल शोधलं तर तुम्हाला दिसतं का?” मी खरे उत्तर दिले. त्यानंतर तिने शाळेच्या टॅबवर तसले काही शोधले नसणार, आणि दुसरीकडे तिला काय सापडले ते देव जाणे.

अमेरिकेत हे प्रयोग आपल्याआधी होऊन गेले आहेत. तिथे २००० सालच्या ‘चिल्ड्रेन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट’ने इंटरनेटसाठी सवलत घेणाऱ्या शाळांना आणि ग्रंथालयांना फिल्टर सक्तीचा केला, आणि ग्रंथालयांच्या बाबतीत तो कायदा २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही टिकला. त्या कायद्याने मुलांच्या वापरावर देखरेख ठेवण्याचे धोरण शाळांकडून मागितले हे खरे, पण ओळख पटेल अशा कोणाही व्यक्तीच्या वापराचा माग ठेवण्याची सक्ती या कायद्यातून निघत नाही, असे त्यातच स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे फिल्टर सक्तीचा करणाऱ्यांनाही दोहोंमधला फरक दिसत होता. पुढे बाजाराने तो पुसला.

पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फियाला लागून असलेल्या लोअर मेरियन शालेय जिल्ह्यातले (तिथे ‘शालेय जिल्हा’ म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) प्रकरण तर प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापनाने वाचावे असे आहे. या जिल्ह्याने आपल्या दोन हायस्कुलांतल्या सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. हरवलेला लॅपटॉप शोधता यावा म्हणून त्यांत एक सोय होती : ती चालू केली की कॅमेरा ठरावीक मिनिटांनी समोरचा फोटो आणि पडद्याचे चित्र टिपून शाळेच्या सर्व्हरवर पाठवी. पालकांना याची कल्पना दिलेली नव्हती. नोव्हेंबर २००९ मध्ये उपमुख्याध्यापिकेने एका विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या घरातल्या गैरवर्तनाबद्दल विचारले आणि पुरावा म्हणून त्याच्याच लॅपटॉपने टिपलेल्या फोटोचा हवाला दिला. त्याच्या हातात गोळ्या दिसत होत्या. त्या चघळायच्या गोड गोळ्या होत्या, असे मुलाचे म्हणणे. फेब्रुवारी २०१० मध्ये खटला दाखल झाला आणि चौकशीत अशी ५० हजारांहून अधिक चित्रे निघाली. त्यांतली पुष्कळशी कोणी मुद्दाम काढलेली नव्हती; लॅपटॉप सापडल्यावर माग काढणे बंद करायचे राहून गेले होते, एवढेच. गुन्हेगारी हेतू सिद्ध होत नाही म्हणून सरकारी वकिलांनी फौजदारी आरोप ठेवले नाहीत, पण ऑक्टोबर २०१० मध्ये जिल्ह्याने ६ लाख १० हजार डॉलर देऊन दावे मिटवले. या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा कागद म्हणजे तांत्रिक विभागातल्या दोघांचे ईमेल. ही चित्रे म्हणजे आपल्या जिल्ह्याची छोटीशी टीव्ही मालिकाच आहे, असे एकाने लिहिले होते, आणि मला ती फार आवडते, असे उत्तर आले होते. ही माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. ती माझ्या खुर्चीवर बसलेली माणसे होती आणि त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

हे जुने झाले म्हणावे, तर २०२५ मधले उदाहरण आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॅन्कूव्हर शहरातल्या शाळांकडे पत्रकारांनी माहितीच्या कायद्याखाली निगराणीच्या नोंदी मागितल्या, तेव्हा त्यांच्या हाती नावे न झाकलेले जवळपास ३,५०० दस्तऐवज पडले. त्यांत मुलांनी आपल्या नैराश्याबद्दल आणि घरातल्या त्रासाबद्दल लिहिलेला मजकूर होता. मुलांच्या भल्यासाठी गोळा केलेले कागद मुलांच्या नावानिशी बाहेर गेले. जे साठवलेच नसते ते सांडले नसते, हे सांगायला संगणकतज्ज्ञ लागत नाही.

आता आपल्या कायद्याकडे वळतो, कारण चौदाव्या मुद्द्याची खरी मेख तिथे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि मुलांचा माग ठेवणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणे यांना बंदी आहे. हे वाचून पालकाला हायसे वाटेल. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीने शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी किंवा विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी माग ठेवण्याची आणि वर्तनावर पाळत ठेवण्याची मोकळीक दिली आहे, आणि तेवढ्यापुरती संमतीची अटही काढली आहे. म्हणजे मे २०२७ मध्ये या तरतुदी पूर्ण लागू झाल्यावर शाळेला ही सही मागण्याचीही गरज उरणार नाही. सुरक्षिततेसाठी म्हणजे नेमके कशासाठी, शाळेच्या वेळेत की रात्रीही, शाळेच्या टॅबवर की घरच्या संगणकावरही, याबद्दल अनुसूची गप्प आहे.

तरी सगळे सुटलेले नाही. त्याच कलम ९ चे दुसरे उपकलम शाळांनाही लागू राहते, आणि मुलाच्या हिताला बाधा येण्याचा संभव असेल असा डेटाचा वापर करू नये, असे ते सांगते. कंपनीने घातलेल्या गोंधळाची जबाबदारीही या कायद्याने शाळेवरच टाकली आहे, आणि मुलांच्या बाबतीतली कर्तव्ये मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले, तेव्हा तो अधिकार अठराव्या वाढदिवशी सुरू होतो असे काही म्हटले नव्हते. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइलबंदी घालणाऱ्या महाविद्यालयाला याच आधारावर चूक ठरवले आणि वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थिनीला परत घ्यायला लावले. ती विद्यार्थिनी सज्ञान होती हे मला मान्य आहे; पण शिस्तीच्या नावाखाली संस्थेला काहीही करता येत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

कोणी म्हणेल की एका जरी मुलाचा जीव वाचला तरी हे सगळे सोसावे. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही, कारण आमच्याकडे एक अलर्ट खरा निघाला होता. नववीतल्या एका मुलाने रात्री साडेबाराला इंग्रजीत जे शोधले होते ते वाचून सकाळी माझे हातपाय गार पडले. मी तो सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी वाचला. मधल्या साडेसहा तासांत तो माझ्या इनबॉक्समध्ये इतर एकोणतीस अलर्टांच्या मध्ये पडून होता आणि त्या एकोणतिसांतले बहुतेक ‘अपेक्षित’चे होते. मुलगा सुखरूप होता, शाळेच्या समुपदेशक बाई आठवड्यातून दोनदा येतात आणि सुदैवाने तो त्यांचा दिवस होता. पण त्या मुलाला आधार मिळाला तो बाईंमुळे आणि त्याच्या वर्गशिक्षिकेमुळे, ज्यांना त्याचे काहीतरी बिनसले आहे हे आठवडाभर आधीच जाणवले होते. सॉफ्टवेअरच्या वार्षिक शुल्कात समुपदेशक आणखी दोन दिवस येऊ शकल्या असत्या, हा हिशेब मी व्यवस्थापनापुढे मांडला होता. सॉफ्टवेअर दाखवता येते, असे उत्तर मिळाले. खरेच आहे, माहितीपत्रकात त्याचा फोटो छान येतो.

म्हणून माझे म्हणणे असे की शाळांनी फिल्टर जरूर लावावा, तो लावताना मराठी शब्दांवर तपासून घ्यावा आणि चुकून बंद झालेले पान शिक्षकांना त्याच तासात उघडून देता यावे. परंतु मॉनिटरिंगसाठी वेगळा कागद करावा आणि त्यात पाळत किती ते किती वाजेपर्यंत चालेल, नोंदी कोण पाहील, किती दिवसांनी पुसल्या जातील आणि पालकाला आपल्या पाल्याची नोंद पाहायला मिळेल की नाही, हे साध्या मराठीत लिहावे. तासाला तीस मुलांचे पडदे शिक्षकाला एकत्र दिसले तर त्यात गैर काही नाही. वर्गात शिक्षक फिरतातच. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत ते बंद व्हावे आणि घरच्या संगणकावर तर चालूच होऊ नये. ही सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, एक खूण करावी लागते, मी स्वतः ती केली आहे. नोंदी पाहण्याचे काम संगणक शिक्षकाकडे नको, मुलांशी बोलण्याचे प्रशिक्षण असलेल्या माणसाकडे हवे. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०२३ मध्ये शाळांसाठी जी मानके काढली त्यांत फिल्टरिंग आणि मॉनिटरिंग यांचा वेगवेगळा विचार आहे, दोन्हींची जबाबदारी कोणावर ते ठरवून द्यायला सांगितले आहे आणि वर्षातून एकदा तरी आढावा घ्यायला लावला आहे. आपल्या शिक्षण आयुक्तालयाला असे परिपत्रक काढण्यासाठी केंद्राची वाट पाहावी लागू नये.

तोवर पालक-शिक्षक संघाने एवढे तरी करावे. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्यामुळे फी ठरवताना संघाच्या कार्यकारी समितीपुढे विषय ठेवावा लागतो, त्यामुळे टॅबची किंमत त्या बैठकीत निघते. आमच्या बैठकीत कव्हर फीमध्ये धरायचे की वेगळे घ्यायचे यावर पाऊण तास चर्चा झाली. सॉफ्टवेअरची ओळ वाचून दाखवली आणि मंजूर झाली. कंपनीशी झालेला करार पाहायला मागणारा एकही पालक मला सोळा वर्षांत भेटला नाही.

पाळत किती वाजेपर्यंत, नोंदी कोण पाहणार, कधी पुसणार आणि पालकाला दिसणार का, हेच चार प्रश्न मी मुलीच्या शाळेला ईमेलने विचारले. ऑफिसमधून फोन आला. बोलणाऱ्या बाई सौजन्याने बोलल्या. बाकी सगळ्यांच्या सह्या आल्या आहेत, सर, तेवढा तुमचाच फॉर्म राहिला आहे, म्हणाल्या. प्रश्नांचे विचारले तर ते कंपनीला पाठवले आहेत. मुलगी रोज संध्याकाळी विचारते, “बाबा, केली का सही?” वर्गात टॅब नसलेली ती एकटीच आहे आणि विज्ञानाच्या तासाला शेजारणीच्या टॅबमध्ये डोकावून लिहून घेते. फॉर्म द्यायची शेवटची तारीख येत्या शुक्रवारची आहे.

आपला,
एक संगणक शिक्षक व पालक, पुणे
(मी ज्या शाळेत शिकवतो तिथल्या मुलांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)